सीमाभागातील मराठी शाळेत शिकलेले साहित्य आणि इतिहास एकमेकांशी जुळतात का?

आपण लिहिले आहे की आपली बदली पुण्याहून बेळगावला झाली असून मुलाला येथील मराठी माध्यमाच्या शाळेत घालण्याचा विचार आहे. पण मराठीचे पुस्तक त्याला एकीकडे आणि कर्नाटकच्या अभ्यासक्रमाचा इतिहास दुसरीकडे ओढेल, अशी धास्ती वाटते. मी खानापूर तालुक्यातील एका गावात पहिलीपासून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि आता बेळगावात पदवीला इतिहास हा विषय घेऊन शिकते आहे. त्यामुळे जे अनुभवले तेवढेच, पण सविस्तर लिहिते.

आपली धास्ती निराधार नाही. शाळेत असताना हे दोन विषय मला जुळलेले कधीच वाटले नाहीत. मराठीच्या तासाला आम्ही पंढरपूर, देहू, आळंदी आणि सह्याद्रीच्या कडेकपाऱ्यांत वावरत असू; घंटा झाली की समाज विज्ञानाच्या पुस्तकातून कदंब, चालुक्य, होयसळ आणि विजयनगर समोर येत. आमच्या वेळी दहावीच्या एकूण ६२५ गुणांपैकी प्रथम भाषा म्हणून मराठीला १२५ आणि इतर प्रत्येक विषयाला १०० गुण असत, कन्नड ही तिसरी भाषा असे, आणि इतिहास हा भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांच्यासह समाज विज्ञानात येई. इतिहासाचे पुस्तक मूळ कन्नडवरून मराठीत आणलेले असल्यामुळे त्याची वाक्ये पुष्कळदा जड असत आणि पाठ केल्याशिवाय ती तोंडात बसत नसत. ज्या भाषेत आम्ही कविता वाचून हरखून जात होतो, त्याच भाषेत इतिहास इतका रुक्ष का लागतो, हे कोडे मला त्या वयात फार छळत असे.

माझे आजोळ चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. उन्हाळ्याच्या सुटीत तेथे गेले की मामेभावाचे चौथीचे इतिहासाचे पुस्तक मी अधाशासारखी वाचत असे, कारण त्यात सगळे शिवचरित्रच होते आणि आमच्याकडे तसे स्वतंत्र पुस्तक नव्हते. त्याला अफजलखानाच्या भेटीचा बारीकसारीक तपशील माहीत होता; मला कित्तूरचा लढवय्या संगोळ्ळी रायण्णा माहीत होता आणि त्याला ते नावच ठाऊक नव्हते. आम्ही दोघे एकमेकांना अडाणी ठरवत असू. दोन्ही गावांतले अंतर एसटीने दीड तासाचे.

या दोन बाजू पहिल्यांदा एकत्र आल्यासारख्या वाटल्या त्या नंदगडला. आठवीत असताना आमची सहल तेथे गेली होती. कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी १८२४ साली दत्तकाचा वारसा नाकारणाऱ्या कंपनी सरकारशी झुंज दिली, त्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, आणि पुढे राणीला बैलहोंगलच्या कैदेत टाकल्यानंतर रायण्णाने गनिमी काव्याने लढा चालू ठेवला, एवढे पुस्तकात होते. त्याला २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडला फाशी दिले, हेही होते. परंतु नंदगड म्हणजे आमच्याच तालुक्यातला, आमच्या घरचे लोक ज्याच्या बाजाराला जातात तो नंदगड, हे वर्गात कोणी मुद्दाम सांगितले नव्हते. समाधीपाशी मोठा वड आहे. त्याच्या फांद्यांना लहान लहान लाकडी पाळणे बांधलेले होते; मूल व्हावे म्हणून बायका तेथे नवस बोलतात. काही पाळणे नवे, रंग न उडालेले, तर काही पावसात भिजून काळे पडलेले. एक आजी पाळण्याची गाठ सोडत होत्या आणि स्वतःशीच मराठीत काही पुटपुटत होत्या. ज्याला आम्ही परीक्षेत ‘क्रांतिवीर’ लिहून दोन गुण मिळवत होतो, त्याच्याकडे या बाई मराठीत लेकरू मागत होत्या. त्या दिवशी मला वाटले की इतिहासाच्या पुस्तकाला माझी भाषा कळत नसली तरी इतिहासाला ती कळते. सरांनी तेथे फक्त सनावळी विचारली. पाळण्यांबद्दल ते बोलले असते तर बरे झाले असते.

याहून मोठी गोष्ट मला थेट महाविद्यालयात गेल्यावर उमगली, आणि आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिच्यात आहे असे मला वाटते. कन्नडच्या बाईंनी आम्हाला बेळवडी मल्लम्मांची कथा सांगितली होती: बैलहोंगल तालुक्यातील बेळवडीच्या देसाईंची पत्नी, जिने पती पडल्यावरही स्त्रियांची तुकडी घेऊन मराठी सैन्याशी झुंज दिली आणि जिचा शिवाजी महाराजांनी सन्मान केला. आजोळी मामांनी वेगळीच कथा सांगितली होती: दक्षिणेच्या मोहिमेत एका गढीतल्या शूर बाईशी सखोजी गायकवाड नावाच्या सरदाराने गैरवर्तन केले, म्हणून महाराजांनी त्याचे डोळे काढवून त्याला कैदेत टाकले. एक कथा मल्लम्माच्या शौर्याची, दुसरी महाराजांच्या न्यायाची. शिवाजी महाराजांवरची सभासदाची बखर वाचताना एके संध्याकाळी लक्षात आले की हा एकच वेढा आहे. मराठी बखरकार त्या बाईंना सावित्रीबाई म्हणतो, कन्नड मुलूख मल्लम्मा म्हणतो. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बसून लिहिणाऱ्या सभासदाला राजाची मोहीम सांगायची होती. ज्या गावाने वेढा सोसला त्याला आपली राणी आठवायची होती. धारवाडजवळच्या यादवाडला दगडात कोरलेले महाराजांचे शिल्प आहे आणि ते मल्लम्मांनी करवून घेतले अशी परंपरा आहे. म्हणजे हरलेल्या बाजूनेही महाराजांची आठवण आदराने जपली. मला त्या संध्याकाळी पुस्तक मिटवून मामांना फोन करावासा वाटला, आणि मी केलाही. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे तुझी मल्लम्मा आणि आमची ती बाई एकच काय गं?”

पुण्यात किंवा धारवाडात वाढलेल्या मुलाला या दोनपैकी एकच कथा कानी पडली असती. माझ्या कानी दोन्ही पडल्या, आणि त्या जुळत नव्हत्या म्हणूनच मी शोधायला गेले.

साहित्याचेही असेच आहे. कन्नडच्या तासाला बसवण्णांचे ते प्रसिद्ध वचन, म्हणजे कन्नडमधले छोटे भक्तिकाव्य, शिकवले गेले, ज्यात ते म्हणतात की श्रीमंत शिवालय बांधतील, मी गरीब काय करणार. माझे पायच खांब, देह हेच देऊळ आणि शिर हाच सोन्याचा कळस. त्याच आठवड्यात मराठीच्या तासाला रंजल्यागांजल्यांना आपले म्हणणाऱ्या तुकोबांचा अभंग चालला होता. एक बाराव्या शतकातले, दुसरे सतराव्या. दोन्ही तासांना आम्ही वेगवेगळ्या वह्या काढल्या, वेगवेगळे शब्दार्थ लिहिले, आणि ही दोन माणसे एकाच गोष्टीसाठी तळमळत होती असे कोणाच्या तोंडून निघाले नाही. कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) जाण्यापूर्वी बसवण्णा मंगळवेढ्यात बिज्जळ राजाच्या पदरी होते असे सांगतात. आणि मंगळवेढे म्हणजे चोखोबांचेही गाव, जेथे कोसळलेल्या गावकुसाखाली त्यांचा अंत झाला. हे गाव आज सोलापूर जिल्ह्यात आहे. ज्या विठ्ठलाला ज्ञानदेवांनी कानडा म्हटले त्याच्या वारीला आमच्या गावातून दरवर्षी दिंडी निघते, आणि तरीही वर्गात कन्नड म्हणजे उत्तीर्ण होण्यापुरता विषय होता. याचे मला अजून वाईट वाटते. घरी आजी अडकित्त्याने सुपारी कातरत असे; कन्नडमध्ये सुपारीला अडिके म्हणतात हे सहावीत शिकले तेव्हा मी धावत जाऊन तिला सांगितले होते, आणि तूप हा शब्दही कन्नड तुप्पचाच सोयरा आहे हे कळल्यावर आमच्या सैपाकघराकडे मी नव्या नजरेने पाहू लागले.

शहराबद्दल दोन वाक्ये लिहितेच, कारण आपण तेथेच राहणार आहात. इंदिरा संतांची कविता आम्हाला होती. त्यांनी बेळगावात वर्षानुवर्षे राहून शिक्षिकांना घडवले, हे मात्र मला पुस्तकाबाहेर कळले. टिळकवाडीत १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, आणि काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी आयुष्यात तेवढे एकदाच भूषवले. तेथे कन्नड कवी हुइलगोळ नारायणराव यांचे कन्नड नाडूच्या, म्हणजे कन्नड भूमीच्या, उदयाचे गीत गायले गेले. त्या अधिवेशनाचा भार वाहणारे गंगाधरराव देशपांडे लोकमान्यांचे निष्ठावंत अनुयायी होते आणि त्यांना पदवी मिळाली ती ‘कर्नाटक सिंह’ अशी. पुढे १९४६ साली याच शहरातल्या मराठी साहित्य संमेलनात, लेखक ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. बावीस वर्षांच्या अंतराने एकाच गावात दोन भाषांनी आपापल्या प्रांताचे स्वप्न पाहिले. १९५६ साली राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्यावर जे झाले त्याची झळ आमच्या घराण्यालाही लागली आहे आणि मराठीला येथे तिचे स्थान मिळाले पाहिजे याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण त्या दोन्ही स्वप्नांची माहिती नसलेला माणूस या शहराचा वाद समजू शकणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

तेव्हा मुलाला अवश्य मराठी माध्यमात घाला. शिवचरित्र त्याला घरी वाचून दाखवा, कारण शाळेत ते हवे तितके मिळणार नाही. कन्नडची शिकवणी मात्र केवळ गुणांसाठी लावू नका. त्याला वचने मोठ्याने म्हणू द्या, शेजारच्या कन्नड घरात खेळायला जाऊ द्या. एखाद्या रविवारी त्याला हलशीला घेऊन या. खानापूरहून नंदगडमार्गे जाता येते, म्हणजे वाटेत तो वडही पाहता येईल. कदंबांच्या ताम्रपटांत जिला पलाशिका म्हटले आहे ती हीच हलशी. तेथे भूवराह नरसिंहाचे देऊळ आहे, समोरासमोरच्या दोन गाभाऱ्यांत दोन देव आहेत, आणि बाहेर पाराजवळ बसलेली माणसे एक वाक्य मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवतात. कधी येणार ते कळवलेत तर मी बरोबर येईन.