काशीच्या पायऱ्या आणि सासूबाईंचे गुडघे

प्रश्न : ताई, सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. त्यांना एकदा काशी घडवायची आहे, पण गुडघे साथ देत नाहीत. यजमानांना सारनाथही बघायचंय. मुलांना डिसेंबरअखेर सुट्टी असते, तेव्हा जावं का? तीन दिवस पुरतील का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : तीन दिवस पुरतात. डिसेंबरअखेर मात्र नको. थंडी सोसता येते हो, घात करतं ते धुकं. त्या दिवसांत तिकडच्या गाड्या तासन्‌तास रखडतात, आणि सकाळी नावेत बसलं तर काठसुद्धा धड दिसत नाही. फेब्रुवारीत जा, फक्त महाशिवरात्रीची गर्दी टाळा. मुलांची शाळा बुडली तर बुडू द्या. संघमित्रा एक्स्प्रेस नागपूरहून थेट मुगलसरायला जाते (२०१८पासून पाटीवर पंडित दीनदयाल उपाध्याय जंक्शन असं वाचाल). तिथून टॅक्सीनं काशी.

आता गुडघे. काशीला घाट ८४ आणि बहुतेक ठिकाणी उभ्या पायऱ्या. खोली घेताना फोनवर दोनच गोष्टी विचारा : गाडी दारापर्यंत येते का, आणि लिफ्ट आहे का? ‘घाटापासून दोन मिनिटं’ या उत्तरावर भाळू नका, ती दोन मिनिटं जिन्याचीच असतात. मला अस्सीकडची बाजू बरी वाटते, रिक्षा घाटाच्या बरीच जवळ येते.

सासूबाईंना एकदाच पायऱ्या उतरवा आणि पहाटे नावेत बसवा. घाट सगळे पश्चिम काठावर, त्यामुळे उगवतं ऊन थेट त्यांच्यावर पडतं. गंगा इथे उत्तरेकडे वाहते, म्हणून अस्सीहून निघालेली नाव प्रवाहाबरोबर जाते. दशाश्वमेध, मणिकर्णिका, रत्नेश्वराचं कललेलं देऊळ, शिंदे घाट, असं एकेक मागे पडतं. मग नावाड्याला म्हणा, ‘भोसले घाट दिखाओ.’ उंच दगडी भिंतींचा हा घाट आपल्या नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात बांधला. तुम्ही महालातल्या, राजवाडा रोज बघता, त्यामुळे सासूबाईंना हे मुद्दाम सांगाच. संध्याकाळची आरतीही नावेतूनच बघा. घाटावरच्या रेटारेटीत म्हाताऱ्या माणसाला उभं करणं हा काही भक्तीचा भाग नव्हे.

विश्वनाथाचं आताचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८०मध्ये बांधलं. मोबाइल आत चालत नाही. जवळचा दुकानदार तो ठेवून घेतो आणि प्रसादाची टोपलीही गळ्यात मारतो, भाव आधी ठरवा. गदौलियाच्या गर्दीत गाडी अडते आणि पुढे चालावं लागतं. तेव्हा दर्शन सकाळी लवकर उरका.

सारनाथ साधारण दहा किलोमीटरवर. जमीन सपाट, त्यामुळे तिथे सासूबाई मोकळ्या फिरतील. आपल्या दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे, तिथला धमेख स्तूप भरीव. मुलांना हा फरक आवर्जून दाखवा. आपल्या राजमुद्रेवरचे सिंह ज्यावरून घेतले, ते अशोकस्तंभाचं मूळ शीर्षही तिथल्या संग्रहालयात आहे. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं. यजमान हिरमुसले होऊन परततील, म्हणून वार बघून तिकिटं काढा.

प्रश्न : श्रावणात काशीला गेलं तर चालेल का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : पुण्य हवं असेल तर जा, घाट बघायचे असतील तर नको. गंगा चढली की खालच्या पायऱ्या पाण्यात जातात, एका घाटावरून दुसऱ्यावर काठानं जाता येत नाही आणि प्रशासन नावा बंद करतं. आरतीसुद्धा वर सरकवतात, कधीकधी तर गच्चीवर. त्यात श्रावणी सोमवारी विश्वनाथाला कावडियांची रांग. एवढं करूनही जाणार असाल, तर निदान सोमवार सोडून जा.