डिझेल सांडलंय? आधी पाण्याचा पाइप बंद करा

ठाण्याच्या घोडबंदर रोडला टँकर कलंडला की सगळे पाण्याच्या पाइपाकडे धावतात. पहिली चूक तीच. धुतलेलं डिझेल गटारातून थेट खाडीत जातं. साबण तर नकोच, त्याने तेल पाण्यात मिसळतं आणि मग वेगळं निघत नाही. पेट्रोल असेल तर आधी अग्निशमन दल, फावडं नंतर.

नवीन आहात, तर सध्या एवढंच सांभाळा:

- उताराकडे, गटाराच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या लावा. सांडलेल्या डिझेलवर भुसा टाका, भिजला की उचला, पुन्हा टाका.
- भिजलेली माती खणून ताडपत्रीवर ठेवा आणि वरूनही झाका. पावसात उघडा ढीग म्हणजे दुसरी गळती. ही माती भरावाला द्यायची नाही, ती घातक कचऱ्यातच जाते.
- खणणं कुठे थांबवायचं ते नाकावर सोडू नका. लॅबसाठी मातीचा नमुना काचेच्या बरणीत काठोकाठ दाबून भरा आणि बर्फाच्या पेटीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीतून वाफ उडते, रिपोर्ट खोटाच चांगला येतो.

भूजलात नवखे हमखास फसतात. आपल्याकडे मुरुमाखाली बेसॉल्ट, त्याच्या भेगांतून डिझेल भलतीकडेच निघतं. शिवाय ते पाण्यावर तरंगतं. तपासणीच्या बोअरची जाळी (पाणी आत येतं तो छिद्रांचा पाइप) पूर्ण पाण्याखाली गेली, तर तेलाचा थर बाहेरच राहतो आणि बोअर स्वच्छ दिसते. मे आणि ऑगस्टच्या भूजल पातळीत बराच फरक पडतो, म्हणून जाळी दोन्ही पातळ्या झाकेल इतकी लांब घ्या.

तेल उपसायचे पंप, तेल खाणारे जिवाणू वगैरे नंतर बघू. आधी हे रिपोर्ट हातात येऊ द्या.