१९७२ च्या शेव्हरोले सी-१० पिकअपला ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स बसेल का?

बसेल. तुमच्या गाडीत एसएम४६५ हा चार गिअरचा गिअरबॉक्स असेल, तर त्याचा चौथा गिअर १:१ आहे, म्हणजे इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सारखेच फिरतात, म्हणून हायवेवर इंजिन बोंबलतं. एनव्ही४५०० या पाच गिअरच्या गिअरबॉक्सचा पाचवा ०.७३ चा आहे; हाच ओव्हरड्राइव्ह, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनचा पाऊणच फेरा. आज ज्या वेगाला ३००० आरपीएम लागतात, तिथे साधारण २२०० पुरतील. माल ओढणार असाल तर हाच घ्या, टी-५ या दुसऱ्या पाच गिअरच्या गिअरबॉक्सच्या वाट्याला जाऊ नका; तो हलक्या गाडीचा जीव आहे.

गिअरबॉक्स मिळाला म्हणजे निम्मंच काम झालं. खरी गोची बेलहाउसिंगची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या कवचाची. फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक फरक मोजणारं घड्याळी माप) लावा आणि इंजिन हाताने फिरवून बेलहाउसिंगचं मधलं भोक मोजा, केंद्र ०.००५ इंचापेक्षा जास्त सरकलेलं असेल तर ऑफसेट डॉवेल पिन (केंद्र थोडं सरकवणाऱ्या खुंट्या) घालून ते आधी जागेवर आणा. हे टाळलं की गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टला आधार देणारं पायलट बुश आणि इनपुट बेअरिंग लवकर जातं, आणि दोष मात्र गिअरबॉक्सला लागतो. क्लच हायड्रॉलिक करावा लागेल का, स्पीडोमीटर केबलचा की सेन्सरचा, हे विकत घेण्याआधीच बघा. प्रोपेलर शाफ्टचं माप गिअरबॉक्स बसल्यावर, गाडी चाकांवर उभी असतानाच घ्या. आणि गिअर तेल जीएल-४ दर्जाचंच. हाताशी आहे म्हणून जीएल-५ ओतू नका.