आधी रिकामी बॅग तोला: विमानप्रवास आणि कॅमेरा बॅग

दोन कॅमेरा बॉडी, २४–७०, ७०–२०० आणि ३५ मिमी अशा तीन लेन्स, फ्लॅश आणि लॅपटॉप एवढं सामान आहे. केबिनची मर्यादा ७ किलो. चाकांची बॅग घेऊ की सॅक?

बॅगेचं नंतर बघू. आधी हे सगळं सामान स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. मी अंदाजाने मांडतो: बॅटरीसकट दोन बॉडी १४०० ग्रॅम, एफ २.८ची २४–७० साधारण ८००, ७०–२०० धरू १४०० (नव्या पिढीतल्या काही एक किलोच्या आसपास येतात, जुन्या दीड किलोपर्यंत जातात). ३५ मिमी ३००, फ्लॅश ४५०, जादा बॅटऱ्या आणि चार्जर ५००. लॅपटॉप चार्जरसह १७००. बेरीज ६५५० ग्रॅम. म्हणजे बॅगेच्या वाट्याला उरले ४५० ग्रॅम. तेवढ्यात फार तर कापडी पिशवी बसेल, कॅमेरा बॅग नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर कप्पे आणि चेन बघण्याआधी एकच प्रश्न विचारा: रिकाम्या बॅगेचं वजन किती भरतं? चाकं आणि दांडा असलेली केबिन बॅग तीन ते चार किलोला सहज जाते. चांगली सॅक दोनच्या आसपास असते. तुमच्या बाबतीत लॅपटॉप वेगळ्या छोट्या बॅगेत टाका (बहुतेक कंपन्या सीटखाली मावेल अशी एक बॅग वेगळी नेऊ देतात, पण काही जण तिचंही वजन सात किलोतच धरतात, हे तिकिटावर वाचून घ्या). मग उरतात ४८५० ग्रॅम. त्यात १८०० ग्रॅमची सॅक धरली तर ६६५०. जमलं. साडेतीन किलोची चाकांची बॅग घेतलीत, तर काउंटरवरच ८ किलो ३५० ग्रॅम.

चाकांच्या बॅगेवर माझा राग नाही. पाठदुखी असलेल्यांनी तीच घ्यावी, पण मग एक लेन्स घरी ठेवायची तयारी हवी.

मापाबद्दलही एक सांगतो. कुठे ५५×३५×२५ सेंटिमीटर चालतं, कुठे ५५×४०×२०. दोन्हीत बसायचं तर ५५×३५×२० धरून चाला. चाकं, हँडल सगळं यात मोजलं जातं. बॅगेवरच्या चिठ्ठीत मात्र बरेचदा फक्त आतल्या कप्प्याचं माप असतं. शिवाय ते माप रिकाम्या बॅगेचं. पुढच्या खिशात चार्जर आणि जाकीट कोंबलं की २० ची २५ व्हायला वेळ लागत नाही.

छोट्या विमानात जागा नाही म्हणून अगदी दारात बॅग काढून घेतात. अशा वेळी काय करायचं?

हे होणारच असं धरून बॅग निवडा. एटीआर ७२ सारख्या विमानांत डोक्यावरचे कप्पे इतके लहान असतात की मोठ्या विमानात आरामात बसणारी बॅग तिथे जात नाही. कर्मचाऱ्यांशी वाद घालून कप्पा मोठा होत नाही.

माझ्यावर पहिल्यांदा ही वेळ आली तेव्हा लेन्स ठेवायची गादी सॅकच्या पाठीलाच शिवलेली होती. शिडीच्या पायथ्याशी गुडघ्यावर बसून मी एकेक लेन्स काढत होतो. ७०–२०० जाकिटाच्या आत, ३५ मिमी पँटच्या खिशात, हूड काखेत, आणि मागे वीसेक माणसांची रांग. कॅमेरे वाचले. एक चार्जर तिथेच राहिला.

तेव्हापासून मी आत वेगळा गादीचा डबा असलेलीच सॅक वापरतो. हा डबा आख्खा बाहेर निघतो, त्याला स्वतःची चेन आणि धरायला पट्टा असतो. बॅग मागितली की पाठीकडची चेन उघडायची, डबा ओढून काढायचा आणि कपडे भरलेली सॅक त्यांच्या हवाली करायची. पंधरा सेकंदांचं काम. घेताना डब्याचं माप बघा, कारण तो सीटखाली जायला हवा. जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँकही याच डब्यात ठेवा. दारात दिलेली बॅग सामानाच्या कप्प्यात जाते, आणि या दोन गोष्टींना तिथे बंदी आहे.

डब्यात लेन्स बॉडीवरून काढून ठेवा. जड लेन्स लावलेला कॅमेरा आडवा पडून हिंदकळत राहिला की सगळा ताण माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला जोडणाऱ्या कड्यावर येतो.

मग कडक पेटी घेऊन सरळ चेक-इन का करू नये?

मोठी टेलिफोटो (दूरचं टिपणारी लेन्स), दिवे, स्टँड असतील तर दुसरा इलाजच नसतो. पण केबिनसाठी म्हणून कडक पेटी घेणाऱ्यांनी हे ऐका: पेलिकनची लोकप्रिय १५१० पेटी रिकामीच पाच किलोच्या वर आहे. सात किलोच्या मर्यादेत तुमचा कॅमेरा पाहुणा आणि पेटीच यजमान.

चेक-इनसाठी घेत असाल तर दाब सारखा करणारी झडप आहे ना ते बघा. उड्डाणात सामानाच्या कप्प्यातला हवेचा दाबही जमिनीपेक्षा कमी असतो. झडप नसलेल्या हवाबंद पेटीतली हवा वर थोडी निसटली, तर खाली उतरल्यावर झाकण आतून ओढल्यासारखं घट्ट बसतं.

भरपाईचं मात्र गणित वेगळं. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल कराराप्रमाणे चेक-इन सामानाच्या भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे साधारण दोन हजार अमेरिकी डॉलर. ती प्रवाशामागे असते, बॅगेमागे नाही. एकट्या चांगल्या टेलिफोटोची किंमत त्याहून जास्त. काउंटरवर जादा मूल्य जाहीर करून, शुल्क भरून मर्यादा वाढवता येते, पण मी उपकरणांचा वेगळा विमा काढतो. सीरियल नंबरांची यादी फोनमध्ये असते. ती सीमाशुल्कवाल्यांना दाखवायलाही कामी येते.

बॅटऱ्या किती नेता येतात?

कॅमेऱ्याच्या बॅटरीची काळजीच करू नका. ७.२ व्होल्ट आणि २२८० एमएएच म्हणजे ७.२ × २.२८, सुमारे १६.४ वॅट-तास. १०० वॅट-तासापर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० मधल्या जादा बॅटऱ्या विमान कंपनीच्या संमतीने दोनच. त्यावरच्या प्रवासी सामानात नाहीत. पॉवर बँकेचं गणित ३.७ व्होल्टने करा: २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास.

बॅग निवडताना यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. बॅटऱ्यांना वेगळा छोटा खिसा हवा, आणि त्यात सुट्ट्या नाण्यांना, किल्ल्यांना मज्जाव. प्रत्येक बॅटरीला तिची प्लास्टिकची टोपी, ती हरवली असेल तर टोकांवर चिकटपट्टी.

लेन्स साफ करायला हातपंप घ्या. दाबलेल्या हवेचा डबा केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इनमध्येही.

ट्रायपॉड बॅगेला बाहेरून बांधला तर चालेल का?

मी बांधत नाही. तपासणीला बसलेल्या माणसावर अवलंबून असतं, आणि बांधलेला ट्रायपॉड मापातही धरला जातो. चेक-इन बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळा, कॅमेरा बसतो ते वरचं हेड काढून मोज्यात घाला. अणकुचीदार पाय असतील तर केबिनचा विचारही नको.

एक्स-रे मशीनमुळे फोटो खराब होतात का? मी फिल्मही वापरतो.

मेमरी कार्डाला काही होत नाही. फिल्मचं तसं नाही. चेक-इन सामानाचे एक्स-रे जास्त तीव्र असतात, तिथे फिल्म कधीच टाकू नका. केबिनच्या जुन्या मशीनमधून कमी आयएसओची (प्रकाशाला कमी संवेदनशील) फिल्म एकदोनदा गेली तर बहुधा निभावते. नवीन सीटी स्कॅनर मात्र सगळ्याच फिल्मना धोक्याचे. त्यामुळे फिल्म घेऊन फिरणाऱ्याला सगळ्यात वरचा, हात घातला की सापडणारा खिसा हवा. रोल खोक्यांतून काढा, पारदर्शक पिशवीत भरा आणि बॅग पट्ट्यावर ठेवण्याआधीच ती पिशवी हातात घेऊन हाताने तपासायची विनंती करा. कॅमेऱ्यात अर्धा रोल भरलेला असेल तर तो कॅमेराही सोबत द्या. मी घरून निघताना कॅमेरा रिकामाच ठेवतो.