नाशिकरोडला घरी जुना लॅपटॉप पडून आहे, सात-आठ मित्रांसाठी स्वतःचा व्हॉइस चॅट सर्व्हर टाकता येईल का?

येईल की, आरामात. मम्बल हे व्हॉइस चॅटचं सॉफ्टवेअर वापरा: फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि आठ जणांचा आवाज जुना लॅपटॉपही सहज पेलतो. डेबियन किंवा उबुंटू हे लिनक्स टाकून त्यात मम्बल-सर्व्हर हे पॅकेज बसवा. सुपरयूजरचा, म्हणजे सर्व्हरच्या अ‍ॅडमिनचा, पासवर्ड ठरवा आणि आत येण्यासाठी वेगळा पासवर्ड ठेवा, नाहीतर कोणीही येऊन बसेल. राउटरमध्ये ६४७३८ हा पोर्ट (मम्बलचं येण्याजाण्याचं दार) टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही प्रकारच्या ट्रॅफिकसाठी लॅपटॉपकडे वळवा.

खरी गोची इथेच असते. सिडकोत माझं सगळं बरोबर होतं, तरी बाहेरून कोणी जोडलंच जाईना. राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ यांमधला निघाला, म्हणजे सीजीनॅट! एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला, मग पोर्ट उघडून उपयोग शून्य. केबलवाल्याकडे पब्लिक आयपी मागा, पैसे देऊन मिळतो कधीकधी. नाहीतर सगळ्यांच्या मशीनवर टेलस्केल (मशीन आपसांत जोडणारं खासगी नेटवर्क) टाका, पोर्ट उघडायची भानगडच नाही. मी शेवटी तेच केलं.

आणि हो, वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर नाही. त्याला छोटा यूपीएस लावा.