दाराशी उभी आई

"मॅडम, माझा काय चुकला?" कणकवलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या आयांनी विचारलाय की हल्ली पाण्याचा ग्लास मी आधीच भरून ठेवते.

ही आई देवगडकडची, घरची आंब्याची बाग. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) मुलगा बारावीत. आधी नुसती चिडचिड, म्हणून घरात "माज इलो" म्हणून झालं. या वयात नैराश्य पुष्कळदा रडत नाही, खेकसतं. पुढे कॉलेज सुटलं, जेवण सुटलं. देवळात गाऱ्हाणं घातलं, मग मानसोपचारतज्ज्ञांचं औषधही सुरू झालं. त्याचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आईला आठव्या दिवशी फरक हवा होता.

"त्याच्याशी बोलता?"

"बोलतंय की. बरा वाटता काय, जेवलंस काय, कसलो विचार करतंस..."

"दिवसातून किती वेळा?"

उत्तर आलं नाही. म्हटलं, एक दिवस मोजून बघा. पुढच्या खेपेला कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीच्या काड्या मारून आणल्या. दुपारच्या जेवणापर्यंत तेवीस!

मुलगा दोन भेटी पंख्याकडे बघत बसला. तिसऱ्या भेटीत म्हणाला, "आये रात्री दाराशी येऊन उभी रवता. मी जागोच असतंय. मगे झोपल्याचा सोंग करतंय. तिका बरा वाटूक व्हया ना."

त्याला विचारूनच मी हे आईला सांगितलं. ती बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तो माकाच सांभाळता?"

मी गप्प राहिले. नवशिकी असते तर इथे नक्की काहीतरी शहाणपणाचं बोलले असते.

मी आल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेची, माणसाच्या 'हवंच'च्या हट्टाकडे बघणारी, त्यामुळे माणसाच्या बोलण्यातला 'च' मला आधी ऐकू येतो. 'तो बरा व्हायलाच हवा, लवकरच हवा.' काळजी करू नका, असं मी आईला कधी सांगत नाही. आई काळजी करणारच. पण त्या 'च'चं ओझं आजारी पोराच्या पाठीवर जातं.

मग ठरलं, तब्येतीचा प्रश्न संध्याकाळी एकदाच. बाकी वेळ नुसती सोबत, हाताला काम घेऊन. रातांब्यांचे दिवस होते. दोघं पडवीत रातांबे फोडत बसायची, हात लाल. चौथ्या दिवशी तो आपणहून बोलला. काय, ते मी विचारलं नाही.

एक प्रश्न मात्र राखून ठेवायचा नाही. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीअपरात्रीही लागतो. आणि बागायतदारांनो, फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली स्वतःकडे. घरातल्या गोळ्याही. या मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे एकदाही पाऊल टाकलं नाही, पण कुलूप त्याच संध्याकाळी लावलं. आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

पावसाच्या तोंडावर आई एकटीच आली. पोरगा कॉलेजात जायला लागला होता, रोज नाही. "आणि तुमची झोप?" मी विचारलं.

"जाग येता अजून, दोन वाजता. पण आता मी चुलीकडे जातंय, दाराकडे नाय."