ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बदलायचाय? आधी खात्री करा, मग खिशात हात घाला : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (खानापूर) : जांबोटी भागात भर पावसात डिझेल पिकअप बंद पडली. सेल्फ फिरतो, पण गाडी स्टार्ट होत नाही. चावी ऑन केली तरी चेक इंजिनची लाइट लागत नाही. स्कॅनर लावला तर ईसीएमशी संपर्कच होत नाही. मेस्त्री म्हणतात ईसीएम गेला. खरंच गेला, हे कसं ओळखायचं?

उत्तर : तुम्ही सांगता ती लक्षणं ईसीएम मेल्याची असू शकतात, पण ईसीएमला करंट पोचत नसला तरी हुबेहूब हीच लक्षणं दिसतात. पावसाळ्यात तर दुसऱ्याचीच शक्यता जास्त. म्हणून क्रमाने तपासा.

पहिली बॅटरी. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. त्याखाली गेली तर सेल्फ फिरत राहतो, पण ईसीएम मधेच झोपतो. मग फ्यूज आणि मेन रिले. रिलेचा टक् आवाज आला म्हणजे रिले चांगला असं समजू नका. आतले कॉन्टॅक्ट जळलेले असले तरी आवाज येतो.

आता ईसीएमचा कपलर (वायरींचा प्लग) काढा आणि गाडीच्या वायरिंग डायग्रामवरून तीन प्रकारच्या पिना शोधा : कायम करंटची, चावी ऑन झाल्यावर येणारी आणि मेन रिलेतून येणारी. इथे नुसता मीटर लावून बसू नका. दहा तारांपैकी नऊ कुजल्या तरी उरलेली एक तार मीटरला १२ व्होल्ट दाखवते. २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. तो लख्ख पेटला तरच लाइन चांगली. मात्र बऱ्याच गाड्यांत मेन रिले ईसीएमच चालू करतो, तिथे कपलर काढल्यावर रिलेच्या पिनेवर करंट येत नाही; ती पिन तपासताना रिलेच्या जागी जोड-वायर लावा. बल्ब लावताना पिनांची भोकं मोठी होऊ देऊ नका, नाहीतर नवाच लूज कॉन्टॅक्ट तयार होतो.

अर्थची (बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह वायरीची) तपासणी बहुतेक ठिकाणी वगळली जाते आणि घोळ तिथेच असतो. कपलर परत बसवा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं मागच्या बाजूने ईसीएमच्या अर्थ पिनेला लावा, मग सेल्फ मारा. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ च्या पुढे गेलं तर अर्थचा बोल्ट खोला, खालचा पत्रा घासून स्वच्छ करा आणि पुन्हा घट्ट आवळा.

पुढची पायरी ५ व्होल्टची. ईसीएम सेन्सरांना ५ व्होल्टचा पुरवठा करतो. एक सेन्सर शॉर्ट झाला की त्या लाइनचे व्होल्ट खाली येतात, आणि काही गाड्यांत ईसीएम स्कॅनरलाही उत्तर देत नाही. चावी ऑन ठेवून सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर रेल प्रेशर, बूस्ट, कॅम, ॲक्सिलरेटर पेडल असे सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, दोष त्या सेन्सरात किंवा त्याच्या वायरीत. ईसीएम मधूनमधून स्कॅनरला उत्तर देत असेल आणि पी०६४१, पी०६४२ किंवा पी०६५१ असे कोड देत असेल, तर तेही याच लाइनकडे बोट दाखवतात.

शेवटी कॅन लाइन, म्हणजे गाडीतली युनिटं ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात ती. बॅटरीचा निगेटिव्ह काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावतो त्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांत रेझिस्टन्स मोजा. ६० ओहमच्या आसपास आला तर लाइन बरी, १२० आला तर कुठेतरी तुटली आहे, शून्याजवळ आला तर शॉर्ट. काही नव्या गाड्यांत मधे गेटवे (संदेश इकडून तिकडे पोचवणारं युनिट) असतो. तिथे हे मोजमाप ईसीएमच्या कपलरपाशीच घ्यावं लागतं.

करंट, अर्थ, ५ व्होल्ट आणि कॅन हे चारही बरोबर असूनही ईसीएम मुका राहिला, तरच त्याच्यावर बोट ठेवा. स्कॅनर लागत असेल तर पी०६०१, पी०६०५ आणि पी०६०६ हे कोड ईसीएमच्या आतल्या बिघाडाचे असतात, मात्र लो व्होल्टेजनेही ते कधीकधी पडतात. कोड पुसून, बॅटरी नीट चार्ज करून पुन्हा बघा.

प्रश्न (निपाणी) : त्याच मॉडेलचा जुना ईसीएम आणून बसवला. गाडी क्षणभर स्टार्ट होते आणि बंद पडते. चावीचं चिन्ह चमकत राहतं. ईसीएम खराब मिळाला का?

उत्तर : ईसीएम चांगला असेल. अडवतोय तो इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा. चावीतली चिप, बॉडी कंट्रोल युनिट आणि ईसीएम यांची एकमेकांशी ओळख नोंदवलेली असते. आणलेला ईसीएम दुसऱ्या गाडीची ओळख घेऊन आलाय, म्हणून तो तुमच्या चावीला नाकारतो.

उपाय दोन. जुन्या ईसीएममधल्या फ्लॅश आणि ईईप्रॉम या दोन्ही मेमरी वाचून आणलेल्यात जशाच्या तशा लिहायच्या. यालाच क्लोन म्हणतात. ईसीएमचा बॉक्स चालत नसला तरी आतली मेमरी बऱ्याचदा शाबूत असते आणि टेबलावर वेगळा पुरवठा देऊन वाचता येते. म्हणूनच जुना बॉक्स बदल्यात देऊन टाकू नका. तुमच्या गाडीची ओळख, इंजेक्टरचे कोड, डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) हिशोब, सगळं त्यातच आहे. दुसरा उपाय, कंपनीच्या स्कॅनरने सिक्युरिटी पिन टाकून नव्याने जोडणी. पण बऱ्याच मॉडेलमध्ये वापरलेला ईसीएम असा पुन्हा जोडून घेता येत नाही. नवा कोराच लागतो.

विकत घेताना सॉकेट जुळतंय एवढ्यावर भागत नाही. स्टिकरवरचा हार्डवेअर नंबर आणि सॉफ्टवेअर नंबर दोन्ही पडताळा. बॉश असेल तर डिझेलचा नंबर ० २८१ ने आणि पेट्रोलचा ० २६१ ने सुरू होतो. बीएस ४ आणि बीएस ६ ची अदलाबदल चालत नाही. आणि माल कोल्हापूरचा असो की हुबळीचा, बॉक्सचा नंबर लिहिलेलं बिल घ्याच. ईसीएममध्ये मूळ गाडीचा चेसिस नंबर असतो. ती गाडी चोरीची निघाली तर जाब तुम्हाला द्यावा लागेल.

प्रश्न (गोकाक) : नवा ईसीएम प्रोग्रॅम करून बसवला. गाडी चालते, पण थांबल्यावर इंजिन थरथरतं, ठोक्याचा आवाज आणि धूर येतो.

उत्तर : इंजेक्टरचे कोड लिहायचे राहिले असणार. कॉमन रेलचा (एकाच पाइपातून सगळ्या इंजेक्टरांना जास्त दाबाचं डिझेल देणाऱ्या पद्धतीचा) प्रत्येक इंजेक्टर किंचित वेगळा असतो आणि तो फरक त्याच्या अंगावर कोड म्हणून छापलेला असतो. बॉशचा कोड ६-७ अक्षरांचा, डेल्फीचा १६ किंवा २० चा. सिलिंडरच्या क्रमानेच टाका. १ आणि ३ ची अदलाबदल झाली तरी इंजिन थरथरतं. मग क्रँक सेन्सर आणि थ्रॉटलचं लर्निंग (नव्या ईसीएमला त्यांची ओळख करून देणं) करून घ्या. डीपीएफ असेल तर जुन्या ईसीएममधला काजळी-राखेचा आकडाही नव्यात न्यायला हवा. तो शून्य राहिला तर भरलेला फिल्टर ईसीएमला रिकामा वाटतो.

पुन्हा प्रोग्रॅमिंग करायची वेळ आली तर बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय लावून ते १३.५ च्या आसपास ठेवा. साधा गॅरेजचा चार्जर नको. लिहिता लिहिता करंट गेला तर नवा बॉक्सही तिथेच निकामी होतो.

प्रश्न (बेळगाव, उद्यमबाग) : ईसीएम दुरुस्त करावा की बदलावा? आणि दुरुस्त केलेला पंधरा दिवसांत पुन्हा का जळतो?

उत्तर : कपलरच्या गंजलेल्या पिना, पाण्याने खाल्लेले ट्रॅक, फुगलेले कपॅसिटर, इंजेक्टर चालवणाऱ्या ड्रायव्हर चिप हे सगळं चांगला कारागीर बदलू शकतो. प्रोसेसर गेला किंवा बोर्डाचे आतले थर जळले, तर पैसे घालू नका.

पुन्हा जळतो कारण मूळ मारेकरी गाडीतच राहिलेला असतो. ड्रायव्हर चिप आपणहून क्वचितच जळते. बॉक्स बसवण्याआधी प्रत्येक इंजेक्टर मोजा : डिझेल कॉमन रेलचा कॉइलवाला इंजेक्टर साधारण १ ओहमच्याही खाली, पेट्रोलचा बहुधा १२ ते १६ ओहम. दोन्ही पिनांपासून बॉडीपर्यंत मीटरने काहीच दाखवता कामा नये. अल्टरनेटर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान हवा. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची सवय सोडा. त्या क्षणी उसळणारं व्होल्टेज ईसीएम खातो. ट्रकच्या २४ व्होल्टवरून १२ व्होल्टच्या गाडीला जंप देणं हेही तसंच.

पाणी बॉक्सच्या झाकणातूनच येतं असं नाही. उंदराने कुरतडलेल्या वायरीत शिरून ते तारांमधून झिरपत कपलरपर्यंत येतं. पिनेवर हिरवट थर दिसला तर नुसती पिन पुसून उपयोग नाही. तार सोलत मागे जा आणि तांबं चकचकीत लागेल तिथून नवी जोडा. कपलरपाशी वायरी खालून वर येतील अशा बांधा. सर्व्हिस स्टेशनवर प्रेशरचं पाणी तिकडे मारू देऊ नका.

प्रश्न (चिक्कोडी) : उसाच्या सीझनआधी टिपरच्या बॉडीला वेल्डिंग करायचं आहे. ईसीएम काढावा का?

उत्तर : काढायची गरज नाही, पण कपलर सोडवायलाच हवेत. चावी बंद करून काही मिनिटं थांबा, कारण ईसीएम बंद होताना माहिती लिहीत असतो. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा, नंतर ईसीएमचे सगळे कपलर. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जिथे काम आहे त्याच पत्र्यावर, जवळ लावा; इंजिनाला किंवा लांबच्या चेसिसला नको, नाहीतर करंट बेअरिंग आणि वायरिंगमधून वाट काढतो. काम झाल्यावर आधी कपलर, शेवटी बॅटरी.

प्रश्न (संकेश्वर) : ईसीएम लिहिताना डीपीएफ आणि ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद करून देतो, असं एकजण म्हणतो. ॲव्हरेज वाढेल का?

उत्तर : करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही आणि प्रदूषणाची मर्यादा मोडली की कलम १९०(२) लागतं. इंजिनची वॉरंटीही धोक्यात येते. डीपीएफ वारंवार भरत असेल तर कारण शोधा : गळका इंजेक्टर, चुकीच्या ग्रेडचं ऑइल, किंवा गावातल्या गावात थोडं थोडं चालवणं. शेवटचं कारण असेल तर आठवड्यातून एकदा हायवेवर वीसेक मिनिटं न थांबता चालवा, तेवढ्यात काजळी जळायला वेळ मिळतो.